प्रोस्टेटचा कर्करोग: लक्षणं कशी ओळखावीत आणि कुठे वेळ घालवू नये

पन्नाशी ओलांडलेला माणूस रात्री तीन-तीनदा लघवीला उठू लागला की घरात दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी म्हणतं, वय झालं, चालायचंच. नाहीतर कुणीतरी मोबाईलवर काहीतरी वाचतं आणि घरभर कर्करोगाची धास्ती पसरते. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना मला दोन्ही प्रकारची माणसं भेटतात आणि दोघांनाही मी आधी एकच गोष्ट सांगतो. लघवीच्या तक्रारी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात, आणि प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा कसलीच तक्रार देत नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवावी लागतात. नुसतं पहिलं धरून बसलेला माणूस बेफिकीर होतो, आणि दुसरं माहीत नसलेला माणूस लक्षणं दिसायची वाट पाहत राहतो.

ज्यांनी या विषयाचा आजवर विचारच केलेला नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. पन्नाशीतले पुरुष तर आलेच, पण त्यांची बायको, मुलं आणि सुनाही. कारण अनेकदा पहिली खूण घरच्यांना दिसते आणि माणूस स्वतः गप्प असतो.

पायरी १: ही ग्रंथी कुठे असते ते समजून घ्या

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे ती असते. तरुणपणी आकार साधारण अक्रोडाएवढा, वजन २० ग्रॅमच्या आसपास. वीर्यातल्या द्रवाचा काही भाग ती तयार करते. मूत्राशयातून निघालेली मूत्रनलिका या ग्रंथीच्या मधून खाली जाते, आणि सगळा घोटाळा इथेच होतो.

वय वाढतं तसा मूत्रनलिकेला लागून असलेला ग्रंथीचा आतला भाग फुगू लागतो. ही साधी वाढ. ती कर्करोग नव्हे आणि पुढे तिचा कर्करोग होतो असंही नाही. पण ती नळीलाच लागून असल्यामुळे थोडी वाढली तरी धार बारीक होते. कर्करोग मात्र दहापैकी सुमारे सात वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो, म्हणजे गुदाशयाच्या बाजूला. तिथून मूत्रनलिका दूर असते. गाठ बरीच मोठी होईपर्यंत धारेत काही फरक पडत नाही, दुखत नाही, जळजळत नाही. म्हणूनच 'मला लघवीचा काही त्रास नाही, म्हणजे प्रोस्टेट ठीक आहे' हा हिशेब चुकतो. शिवाय एकाच माणसात साधी वाढ आणि कर्करोग दोन्ही असू शकतात. साध्या वाढीसाठी तपासायला गेलेल्या माणसात कर्करोग सापडतो तो बऱ्याचदा असा.

पायरी २: लघवीच्या तक्रारी नीट लिहून काढा

'लघवीचा त्रास आहे' एवढ्यावर डॉक्टरला काही कळत नाही. त्रास कोणता, ते सांगावं लागतं. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का? जोर लावावा लागतो का? धार बारीक झाली आहे का, मध्येच तुटते का? करून आल्यावरही आत शिल्लक राहिल्यासारखं वाटतं का? कपडे सावरल्यावर थेंब गळतात का? लागली की धरवत नाही, असं होतं का? दिवसा दर किती वेळाने जावं लागतं, आणि रात्री झोपेतून किती वेळा उठावं लागतं?

यासाठी एक सोपी सवय सांगतो. दोन-तीन दिवस वहीत वेळा लिहा: किती वाजता गेलात, साधारण किती झाली, किती पाणी-चहा प्यालात. घरातलं एखादं जुनं मापाचं भांडं बाजूला काढून ठेवलं तर प्रमाणही कळतं. या वहीचा फायदा फार मोठा आहे. दर वेळी थोडी-थोडीच होते की भरपूर होते, हे तिच्यावरून दिसतं. प्रत्येक वेळी भरपूर होत असेल तर डॉक्टर आधी साखर तपासतील, कारण तो मधुमेहही असू शकतो. दिवसा पायाला सूज आणि रात्री लघवी जास्त, असं असेल तर हृदय किंवा मूत्रपिंडाकडे पाहावं लागतं. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर केवळ वेळ बदलूनही रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. ती वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

दवाखान्यात सात प्रश्नांचा एक तक्ताही भरून घेतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. हे गुण त्रास किती आहे ते सांगतात. कर्करोग आहे की नाही, हे या गुणांवरून ठरत नाही. पाच गुणवाल्यात कर्करोग असू शकतो आणि तीस गुणवाल्यात नसू शकतो.

आता घरच्यांसाठी. वडील तोंडाने सांगत नाहीत, पण वागण्यातून दिसतं. लांबच्या लग्नाला यायचं टाळतात. एसटीचा प्रवास नको म्हणतात. बाहेर निघायच्या आधी पाणी पीत नाहीत. बाथरूममध्ये पूर्वीपेक्षा खूप वेळ लागतो. पायजमा दिवसातून दोनदा बदलतात. यातलं काही दिसलं तर सगळ्यांसमोर विषय काढू नका. एकटे असताना सरळ विचारा: 'अण्णा, रात्री किती वेळा उठता? जोर लावावा लागतो का?' साध्या, नेमक्या प्रश्नाला माणूस उत्तर देतो. 'तुम्हाला काही होतंय का?' याला मात्र 'काही नाही' हेच उत्तर मिळतं. मुलीनं किंवा सुनेनं विचारायला संकोच वाटत असेल तर मुलगा, जावई, नाहीतर नेहमीचे डॉक्टर यांच्यामार्फत विचारा.

पायरी ३: या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका

लघवीत रक्त. एकदाच दिसलं, दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं, तरीही तपासणी हवी. रक्त थांबलं म्हणजे कारण गेलं, असं होत नाही. प्रोस्टेटच्या साध्या वाढीतही रक्त येतं, मुतखड्यात आणि जंतुसंसर्गातही येतं. पण मूत्राशयाच्या कर्करोगाची ती बहुधा पहिली खूण असते आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर तो विचार आधी करावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर 'त्या गोळीमुळेच असेल' असं घरी ठरवू नका. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होते. क्षयरोगाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते. तसं काही घेतलं नसेल तर सरळ लघवीची तपासणी करून घ्या.

लघवी पूर्ण तुंबणं. पोट फुगतं, ओटीपोटात असह्य कळा येतात आणि थेंबही येत नाही. ही तातडीची वेळ. जवळच्या रुग्णालयात जाऊन नळी टाकून घ्यावी लागते, आणि रात्र काढायची नसते. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर सर्दी-पडशाच्या काही गोळ्यांनीही लघवी अशी तुंबते. म्हणून औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी घेताना आपल्याला प्रोस्टेटचा त्रास आहे हे सांगा. तुंबण्याचा एक फसवा प्रकारही असतो. त्यात दुखत नाही, पण मूत्राशय कायम भरलेलं राहतं आणि वरून सतत थेंब गळत राहतात. घरचे समजतात, म्हातारपणामुळे कपडे ओले होतात. आत मात्र मूत्रपिंडांवर दाब येत असतो. भूक जाणं, मळमळ, पायावर सूज, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतात का ते दाखवणारा घटक) वाढलेलं अशी चिन्हं मागाहून येतात.

वीर्यात रक्त. हे पाहून माणूस फार घाबरतो. चाळिशीच्या आतल्यांत एखाद्या वेळी दिसलं तर ते बहुतेक निरुपद्रवी असतं आणि आपोआप थांबतं. चाळिशीनंतर किंवा वारंवार दिसलं तर प्रोस्टेट तपासून घ्या.

लिंगाला ताठरता न येणं. याची कारणं बहुतेक वेळा मधुमेह, रक्तदाब, रक्तवाहिन्या आणि मनावरचा ताण ही असतात. पण पुढे गेलेला प्रोस्टेटचा कर्करोग शेजारच्या नसांपर्यंत पोचला तर हा त्रास नव्याने सुरू होऊ शकतो. जाहिरातीतल्या गोळ्या घेत बसण्यापेक्षा हे डॉक्टरांना सांगणं बरं.

पायरी ४: कंबरदुखीचा वेगळा विचार करा

हा भाग मी मुद्दाम लांबवतो, कारण आपल्याकडे प्रोस्टेटचा कर्करोग अनेकदा पसरल्यावरच सापडतो, आणि त्याआधी काही महिने तो माणूस कंबरेला मलम चोळत बसलेला असतो.

हा कर्करोग पसरला तर सर्वांत आधी हाडांकडे जातो. पाठीचा कणा, ओटीपोटाभोवतीची हाडं, मांडीच्या हाडाचा वरचा भाग, बरगड्या ही त्याची नेहमीची ठिकाणं. प्रोस्टेटभोवतीच्या शिरा मणक्यांभोवतीच्या शिरांना जोडलेल्या असतात, हे त्याचं एक कारण मानतात. लघवीची एकही तक्रार नसताना माणूस थेट कंबरदुखी घेऊन येतो, ते यामुळे.

शेतात, बांधकामावर किंवा ऑफिसच्या खुर्चीत बसून होणारी कंबरदुखी सगळ्यांच्या ओळखीची आहे. काम केलं की वाढते, पडून राहिलं की कमी होते, चार-सहा आठवड्यांत बरी होते. हाडात पसरलेल्या कर्करोगाचं दुखणं वेगळं असतं. ते आठवड्यागणिक वाढत जातं. विश्रांतीने कमी होत नाही, उलट रात्री जास्त जाणवतं आणि झोपेतून उठवतं. मणक्यावर एका ठरावीक जागी ठोकलं तर कळ येते. सोबत वजन उतरणं, भूक मरणं, थकवा, रक्त कमी होणं असेल तर संशय आणखी वाढतो. एका पायाला सूज येणं हेही एक चिन्ह आहे. जांघेतल्या किंवा ओटीपोटातल्या लसीका ग्रंथींत कर्करोग गेला की तिथून परतणारा द्रव अडतो. साठीच्या पुढच्या माणसाला पूर्वी कधी नव्हती अशी कंबरदुखी सुरू झाली आणि महिनाभरात उतार नाही, तर क्ष-किरण फोटोसोबत पीएसए ही रक्ततपासणी करायला सांगा. प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन रक्तात किती आहे, ते तिच्यातून कळतं. नुसतं 'सायटिका आहे' किंवा 'गादी सरकली' यावर समाधान मानू नका. मालिश करून किंवा मणका 'बसवून' घेण्याआधी तर ही तपासणी व्हायलाच हवी. कर्करोगाने पोखरलेलं हाड दाबाखाली मोडू शकतं.

कंबरदुखीबरोबर पुढचं काही आलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही:

- पायांतली ताकद जाणं, चालताना पाय लटपटणं किंवा जिना चढता न येणं
- पायांना किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा येणं
- लघवी किंवा शौच अचानक बंद होणं, किंवा नकळत होणं

याचा अर्थ मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. एमआरआय करून लगेच उपचार सुरू झाले तर पाय वाचतात. माणूस चालत आला तर तो पुढेही चालता राहण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर आला तर ते परत येण्याची शक्यता फार कमी होते. इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

पायरी ५: आपला धोका किती, ते पाहा

चाळिशीच्या आत हा कर्करोग अगदी विरळा. पन्नाशीनंतर वाढतो आणि साठी-सत्तरीत सर्वाधिक दिसतो. वडील किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. दोन-तीन नातेवाइकांना, किंवा साठीच्या आत झाला असेल तर आणखी जास्त. लोक एक गोष्ट विसरतात: आईकडची बाजूही पाहायची असते. आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर घराण्यात बीआरसीए २ या जनुकातला बदल असू शकतो, आणि तो बदल पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. तो आला तर जास्त आक्रमक असण्याची शक्यताही असते. डॉक्टरांना घराण्याचा इतिहास सांगताना बायकांचे आजार वगळू नका.

नसबंदीमुळे हा कर्करोग होतो, ही भीती अजूनही ऐकू येते. तसा ठोस पुरावा नाही. शरीरसंबंधातून तो बायकोला लागत नाही. तो संसर्ग नव्हे.

भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, आणि ग्रामीण भागासाठीची १९८७ साली आपल्याच बार्शीला. मुंबई-पुण्याच्या नोंदींत प्रोस्टेट हा पुरुषांमधल्या प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. ग्रामीण नोंदीत त्याचं प्रमाण बरंच कमी दिसतं. पण रक्ततपासणी जिथे कमी होते तिथे न सापडलेलेही असतात, हे विसरून चालत नाही. शिवाय सरकारच्या सरसकट तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग आहेत. प्रोस्टेट त्यात नाही. म्हणजे आरोग्य शिबिरात कुणी आपणहून हे तपासेल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ५० वर्षं पूर्ण झाली की प्रत्येक पुरुषाने आपल्या डॉक्टरांशी पीएसएबद्दल एकदा तरी बोलावं. घराण्यात हा कर्करोग असेल तर पंचेचाळिशीतच. मी 'बोलावं' म्हणतो, 'करून टाकावी' म्हणत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

पायरी ६: तपासणीला जाताना

आधी नेहमीचे डॉक्टर, मग गरज वाटली तर युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचे तज्ज्ञ. पहिल्या भेटीत साधारण चार गोष्टी होतात: लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी, आणि पीएसए. सोनोग्राफी आधी भरलेल्या मूत्राशयावर आणि मग लघवी करून आल्यावर अशी दोनदा करतात. त्यावरून आत किती शिल्लक राहते ते कळतं. घाईत दुसरी फेरी राहून जाते, म्हणून आपणच आठवण करा.

यासोबत गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतात. पुरुष या तपासणीलाच सर्वांत जास्त लाजतात आणि तेवढ्यासाठी दवाखाना टाळतात. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, डॉक्टर हातमोजा घालून जेली लावून तपासतात, अर्ध्या मिनिटात संपतं. दुखत नाही, अवघडल्यासारखं मात्र वाटतं. कर्करोग बहुधा मागच्या भागात असल्यामुळे बोटाला कडक गाठ किंवा एक बाजू टणक लागू शकते. पीएसए ठीक असतानाही गाठ लागली, तर पुढची तपासणी करावी लागते.

पीएसएसाठी उपाशी राहावं लागत नाही. पण काही काळजी घ्यायची. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांब पल्ल्याची सायकल टाळा. लघवीचा जंतुसंसर्ग असेल, नुकतीच लघवी तुंबून नळी टाकली असेल किंवा बायोप्सी (सुईने तुकडा काढून केलेली तपासणी) झाली असेल, तर तपासणी काही आठवडे, साधारण सहा, पुढे ढकला, कारण या सगळ्यांत आकडा वाढलेलाच येतो. आणि औषधं सांगा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्मा होतो. अशा माणसाचा ३ आलेला आकडा ६ समजून वाचावा लागतो. ही औषधं प्रोस्टेटच्या गोळीत दुसऱ्या औषधाबरोबर जोडलेली असतात आणि फिनास्टेराइड केस गळण्यासाठीही देतात. म्हणून गोळीची पट्टी सोबत न्या.

पायरी ७: आकडा हातात आल्यावर

पीएसए नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात. ४ ही जुनी, सगळ्यांना माहीत असलेली रेषा. वय पाहिलं तर चाळिशीत अडीच, पन्नाशीत साडेतीन, साठीत साडेचार, सत्तरीत साडेसहा अशा मर्यादा वापरतात. पण यातली कुठलीच रेषा पक्की नाही. ४ ते १० च्या दरम्यान आकडा असलेल्या साधारण चारपैकी एकात कर्करोग निघतो, म्हणजे तिघांत निघत नाही. १० च्या वर निम्म्याहून जास्त जणांत निघतो. आणि ४ च्या खाली असूनही काहींत असतोच.

म्हणून एका वाढलेल्या आकड्यावर रात्रभर जागू नका. संसर्ग नाही ना ते पाहून काही आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करा. मग ग्रंथीचा आकार जमेस धरा. सोनोग्राफीत ८० ग्रॅमची ग्रंथी आणि पीएसए ५, हे बहुधा साध्या वाढीचं चित्र. ग्रंथी २५ ग्रॅम आणि पीएसए तोच ५, तर काळजी जास्त. पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागतात, ०.१५ च्या वर आलं की संशय वाढतो. पहिल्याच्या बाबतीत ०.०६ येतो, दुसऱ्याच्या ०.२. वर्षाकाठी आकडा कसा चढतो तेही पाहतात, म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका.

संशय राहिला तर आता आधी प्रोस्टेटचा एमआरआय करतात. त्यात संशयाला १ ते ५ अशी श्रेणी देतात. ४ किंवा ५ आली तर बायोप्सी बहुधा करावीच लागते. '३' आली तर पीएसए, आकार आणि घराणं पाहून ठरतं. बायोप्सीत बारीक सुईने साधारण बारा तुकडे घेतात. 'सुई लावली की कर्करोग पसरतो' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते इथे खोडून काढायलाच हवं. प्रोस्टेटच्या बायोप्सीने कर्करोग पसरतो, असा पुरावा नाही. तिचे खरे धोके म्हणजे जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. गुदाशयातून घेण्यापेक्षा वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घेतली तर संसर्ग कमी होतो. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसतं. ते अपेक्षितच असतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र लगेच रुग्णालय गाठायचं.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'ग्लीसन' म्हणून एक बेरीज असते, ६ ते १०. सहा म्हणजे सौम्य, सात मधला, आठच्या पुढे आक्रमक. आणि आता मघाशी राखून ठेवलेलं कारण. सहा गुणांचे बरेच कर्करोग इतके सावकाश वाढतात की माणसाला ते आयुष्यभर त्रास देत नाहीत. ते शोधले की शस्त्रक्रियेची घाई होते, आणि शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने लघवी गळणं, ताठरता जाणं असे त्रास मागे लागू शकतात. दुसरीकडे, युरोपातल्या मोठ्या अभ्यासात पीएसए तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू कमी झालेले दिसले. दोन्ही खरं आहे. म्हणून तपासणीआधी बोलणं हवं, आणि सौम्य निघाला तर 'देखरेख' हा पर्याय आहे का, हे आपणहून विचारायला हवं. देखरेखीत ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करतात. गाठ बदलली तरच उपचार. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा देखरेख यांपैकी एक देऊन १५ वर्षं पाहिलं, तेव्हा तिन्ही गटांत मिळून सुमारे ९७ टक्के पुरुष या कर्करोगाने दगावले नव्हते. ग्रंथीत असतानाच सापडला तर विचार करायला वेळ असतो, हे त्यातून दिसतं.

हाडांत पसरलेला असला तरी उपचार संपत नाहीत. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर (हार्मोनवर) वाढतो, हे अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. त्यावरच आजचे संप्रेरक-उपचार उभे आहेत: महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन, किंवा वृषण काढण्याची साधी, स्वस्त शस्त्रक्रिया. जोडीला नव्या गोळ्या, केमोथेरपी आणि दुखणाऱ्या हाडाला किरणोपचार. अंथरुणाला खिळलेली माणसं यातून पुन्हा हिंडती-फिरती झालेली मी पाहिली आहेत.

खर्चाची चिंता खरी आहे, आणि तिच्यापायी लोक तपासणीच टाळतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे अनेक उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याला भेटा, पैसे भरायच्या आधी. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहेच. तिथे जाताना बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणात बसवलेले तुकडेही प्रयोगशाळेतून मागून न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करताना सुई टोचावी लागत नाही.

आणि रिपोर्ट चांगला आला तर? पीएसए एकच्या आत असेल तर दोन ते चार वर्षांनी पुन्हा केला तरी चालतो. एक ते तीनच्या दरम्यान असेल तर वर्षा-दोन वर्षांनी. सत्तरीनंतर, इतर गंभीर आजार असलेल्या आणि काही तक्रार नसलेल्या माणसाला ही तपासणी करत राहायची गरज बहुधा नसते. ही सूट फक्त तक्रार नसणाऱ्यांना आहे. वय ऐंशी असलं तरी लघवीत रक्त आलं किंवा हाडात नवं दुखणं सुरू झालं, तर त्याच आठवड्यात दाखवायचं.